चौथं गाणं तलावाच्या पाळीवर

सरांच्या गाडीत पुढची सीट कोणालाच मिळत नसे. तिथे त्यांचा जेवणाचा डबा बसायचा, आणि डब्याला सीटबेल्ट लावलेला असायचा. पहिल्या दिवशी मी पुढचं दार उघडायला गेले तर म्हणाले, "मागं बस बेटा. पुढची सीट बुक हाये."

मला वाटलं, तरण्या मुलीला शेजारी बसवलं तर लोक बोलतील, म्हणून असेल. बरंच वाटलं. पण पुढे एकदा हेडमास्तरांची मोटरसायकल बंद पडली आणि ते आमच्या गाडीत आले, तर सरांनी त्यांनाही मागेच बसवलं. हेडमास्तर म्हणाले, "अहो, डबा मी मांडीवर घेतो ना." सर म्हणाले, "सीट डब्याची नाही. डबा नुसती जागा धरून बसला हाये." एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं.

मी त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, तेव्हाही सांगायची. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबला, मायनं तेंदूपत्त्याचे पुडके बांधले, आणि मी बीएस्सी झाले. शाळा अर्जुनी मोरगावपासून आत, एसटी शाळेच्या वेळेची नाही. सर अर्जुनीतच राहायचे आणि भूगोल शिकवायचे. त्यांनीच पहिल्या आठवड्यात स्वतःहून सांगितलं, "उद्यापासून माझ्या घराजवळ उभी राहत जा."

शाळेच्या गेटाच्या आत मी 'मॅडम, तुम्ही' असे. गाडीचं पुढचं चाक गेटाबाहेर पडलं की 'बेटा, तू'. मधली रेघ त्यांनी कधी चुकवली नाही. वर्गात पुस्तकातली मराठी, गाडीत घरची. एकदा गेटातच काही सांगता सांगता गाडी बाहेर आली, तर वाक्य 'मॅडम तुम्ही'नं सुरू झालं आणि 'समजलं का तुले' म्हणून संपलं.

ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत. गाण्यांत मोजत. रेल्वे फाटकापर्यंत एक गाणं. मोहाच्या झाडापर्यंत दुसरं. तिसरं संपेस्तोवर जंगलाचा पट्टा संपायचा आणि चौथं लागायचं ते नेमकं तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर. तो तलाव त्यांच्या पणज्यानं गाव गोळा करून बांधला होता, असं ते सांगायचे, आणि पाळीवर आले की गाडी हळू करायचे. शाळा म्हणजे सहा गाणी. भूगोलाच्या तासाला एका पोरानं विचारलं होतं, "सर, मुंबई किती लांब हाये?" सर आधी बरोबर किलोमीटर सांगून मग म्हणाले, "पण आपल्या गाडीनं गेलं तर तीच सहा गाणी पुन्हा पुन्हा ऐकून कान किटतील तुझे."

तीच सहा, कारण त्या स्टिरिओला स्मरणशक्ती नव्हती. आतली कुठलीशी तार सुटली होती. इंजिन बंद केलं की तो सगळं विसरायचा आणि पुन्हा चालू केलं की पेनड्राइव्हवरच्या पहिल्या गाण्यापासून सुरू व्हायचा. फाटक बंद असलं की सर डिझेल वाचवायला इंजिन बंद करत. मालगाडी जाई, फाटक उघडे, आणि पहिलं गाणं परत. मग त्या दिवशी त्यांचा सगळा भूगोल बिघडायचा. मोहाच्या झाडावर दुसरं संपायचं, तिथं पहिलंच संपलेलं. मी म्हटलं, "सर, मेकॅनिक दहा मिनिटांत तार जोडून देईल." म्हणाले, "राहू दे. मानूस इसरत नाही, निदान मशीन तं इसरू दे."

त्या पेनड्राइव्हवर पंचेचाळीस गाणी होती. मी सहाच्या पुढे कधी गेले नाही.

आणि ती सगळी विकत घेतलेली. हे आमच्याकडे फार मोठं वेड होतं, समजून घ्या. बाजारात मोबाईलच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला की चहा पिऊन येईपर्यंत हजार गाणी भरून मिळत. फोनवर तर सगळं फुकटच वाजतं. सर मात्र लॅपटॉप उघडून, कार्डाचा नंबर चष्मा कपाळावर चढवून एकेक आकडा मोठ्यानं वाचत घालून, एकेक गाणं घ्यायचे आणि फाइल उतरवून घ्यायचे. दुकानदार पोरगा त्यांना चिडवायचा, "सर, आप तो हवा भी खरीद के लेते होंगे."

सर त्याला काही बोलायचे नाहीत. मला म्हणाले, "गाना म्हनजे पाटाचं पानी हाये. आपली पाळी आली की घ्यायचं. आमच्या बापानं कधी दुसऱ्याचा पाट फोडला नाही."

त्या मानाने स्टिरिओला काही कदर नव्हती. मराठी नावं त्याच्या काचेवर नुसते चौकोन होऊन दिसत. म्हणून सरांनी नावं काढून फाइलींना आकडे दिले होते. चारवर होती त्यांची माय.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी विचारलं होतं. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, धान लावतानाचं, रोवणीचं गाणं, जरा चिरका, पण असा की चिखलात पाय रुतल्यासारखं माणसानं थांबावं. मागे पेटी. मी म्हटलं, "सर, कोण गाते?"

"माय."

"आणि पेटीवर?"

"पेटीवर तो हाये ज्याच्यासंगं मी बोलत नाही."

तो म्हणजे त्यांचा लहान भाऊ. रायपूरला गाणी रेकॉर्ड करायचं काम करायचा. मायनं शेवटच्या वर्षी रोवणी केली तेव्हा बांधावर उभं राहून त्यानं मोबाईलवर तिचा आवाज घेतला होता. माय गेल्यावर त्यानं ते साफसूफ केलं, पेटी जोडली आणि इंटरनेटवर विकायला ठेवलं. सरांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून दोघांचा अबोला. सहा वर्षं. लग्नाकार्याला दोघं एकाच मांडवात दोन टोकांना बसत.

"मायचं गाणं बाजारात मांडलं म्हणून राग आला का सर?"

"ते मांडलं तं मांडलं," म्हणाले, आणि गिअर बदलला.

"मग तुम्हीच का विकत घेता?"

"अबोला बोलण्याचा असते बेटा. ऐकण्याचा नसते."

पुढच्या सीटचं गुपित काकूंनी फोडलं. मी एकदा त्यांच्या घरी पोह्याचे पापड वाळत घालायला मदत करत होते. काकू म्हणाल्या, "अवं, लहान्याची जागा हाये ते. पह्यले सायकलीच्या दांडीवर त्यालेच बसवत. गाडी घेतली तवा पुढं तोच बसला पह्यला. आता बोलायचं नाही, अना दुसऱ्या कोनाले बसू द्यायचं बी नाही. जलमले असे मानसं."

म्हणजे तेव्हा मला सगळं माहीत होतं. अबोला माहीत होता, सीट माहीत होती. तरी मी जे केलं ते केलं. शिकलेल्या माणसाची अक्कल कधी कधी अशी चालते.

एप्रिलमध्ये गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली आणि पेनड्राइव्ह गेला. सर लॅपटॉप घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आले. "मॅडम, नव्यात भरून द्या." मी फोल्डर उघडलं तर मायचं गाणं तिथे एकदा नव्हतं, अकरा वेळा होतं. एकाच नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे. वर्षातून दोनदा सरांनी तेच गाणं पुन्हा विकत घेतलं होतं, जुनं पेनड्राइव्हवरून काढून नवं टाकलं होतं.

मला हसूच आलं. मी म्हटलं, "सर! एकदा घेतलं की झालं. परत किती वेळाही उतरवून घेता येतं. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

सर म्हणाले, "तसं नाही मॅडम. मधल्या काळात त्यात काही बदल झाला असेल तर?"

आता इथे मी थांबायला पाहिजे होतं. पण मी बीएस्सी ना. मी अकराही फाइली शेजारी शेजारी लावल्या, साइज दाखवली, लांबी दाखवली, तपासण्याचं एक सॉफ्टवेअर होतं ते चालवून दाखवलं. "बघा सर. अकराच्या अकरा सारख्या. कणाचा फरक नाही. बाराव्यांदा घ्याल तरी हेच येईल."

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "कणाचा नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाले. "चांगलं झालं तुम्ही पाहिलं."

मी दहा प्रती उडवून टाकल्या, एक ठेवली. एवढ्यावरही भागलं नाही. दुपारी स्टाफरूममध्ये मी हे सगळं सांगितलं. वाईट मनात नव्हतं, गंमत म्हणून. पण लोक हसले. गणिताचे सर म्हणाले, "अकरा बारी? सूनबाई पाहायले बी कोनी अकरा बारी जात नाही!" सर कोपऱ्यात वह्या तपासत होते. तेही हसले. त्यांचं हसणं मला अजून दिसतं. वह्यांवरची मान वर न करता हसले ते.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत गाणं नाही. नवा पेनड्राइव्ह स्टिरिओत लावलेला, पण आवाज बंद. मी विचारलं तर म्हणाले, "टायरात काई आवाज येऊन राहिला, तो ऐकतो." टायरात काही आवाज नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी लागली, शाळा उघडली, धानाच्या रोपांचे पऱ्हे उगवले, तरी ते टायरच ऐकत होते. सहा गाण्यांचा रस्ता किती लांब असतो ते मला त्या दिवसांत समजलं. पाळीवर आता गाडी हळू होत नसे.

माझं चुकलं एवढं कळत होतं, काय चुकलं ते कळत नव्हतं. माफी मागायची तर कशाची? मी खोटं तर काही बोलले नव्हते.

जुलैमध्ये एक दिवस मधल्या सुट्टीच्या आधी एक माणूस कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, हातात कापडी पिशवी, चपला चिखलानं भरलेल्या. म्हणाला, "इथं भूगोलाचे सर हायेत न?"

"हो, वर्गावर आहेत."

"म्हनजे, हायेत न?"

"हायेत म्हणजे? आत्ताच गेले आठवीवर."

तो माणूस मुलांच्या बाकावर बसला. मी दिलेला पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला. चेहरा सरांचाच, जरा कमी रागीट. म्हणाला, "वर्सातून दोनदा मले एक मेल यायचा, दिवाळीले अना एप्रिलात. अमुक मानसानं तुमचं गाना घेतला. नाव दादाचं. यंदा एप्रिलात नाही आला. मे नाही, जून नाही. फोन कोनाले करू? घरी फोन केला अना वहिनी रडली तं?" त्यानं पिशवी जरा जवळ ओढली. पिशवीच्या तोंडाशी घडी केलेला पांढरा सदरा दिसत होता, मयतीला घालतात तसा. "गाडी पकडली अना आलो. सहा वर्सं तेवढाच तं एक आधार होता. मले वाटे, दादाले आवडला गाना. बोलत नाही, पन आवडला. म्हनून घेऊन राहिला."

घंटा झाली. सर व्हरांड्यातून आले, हातात खडू. भावाला पाहून थांबले. मुलं थांबली. सर त्याच्याकडे पाहतच म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना विचारा, निघताना काही खाल्लं का."

मी दोघांच्या मध्ये उभी. म्हटलं, "काही खाल्लं का?"

"मॅडम, सांगा, नाही खाल्लं."

"नाही खाल्लं."

"मॅडम, सांगा, डबा आहे. आणि विचारा, हा सदरा कशाला?"

ते मी विचारलं नाही. सरांनीही उत्तराची वाट पाहिली नाही. ते खडू चुरत राहिले, सगळा खडू संपेपर्यंत.

शाळा सुटल्यावर सरांनी पुढच्या सीटचा बेल्ट काढला, डबा उचलला आणि माझ्या मांडीवर दिला. भाऊ पुढे बसला. मागे मी आणि डबा. गेटाबाहेर पडल्यावर सरांनी स्टिरिओचा आवाज उघडला.

येताना गाणी उलटी लागत नाहीत, त्यामुळे परतीच्या वाटेवर पाळीवर तिसरं गाणं असायचं. सर तलावाजवळ आले, गाडी पाळीवर बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि तिसरं संपायची वाट पाहत बसले. पावसाचं पाणी काठोकाठ होतं. पलीकडच्या बांध्यांत बाया ओणव्या होऊन रोवत होत्या. मग माय गायला लागली.

पहिलं कडवं झालं. दुसरं लागलं आणि सरांनी एकदम आवाज बंद केला.

"इथं," सर म्हणाले. "मॅडम, यायले विचारा, इथं माय काय म्हने?"

गेटाबाहेर पहिल्यांदा ते मला मॅडम म्हणाले. एवढे घाबरले होते.

मी तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाला, "दादा, मले सांग तूच. मी इसरलो असन."

"तवा बी हेच बोलला होतास! मी इचारलं हाक कुठं गेली, तं म्हनतोस कोनती हाक!" सर स्टिअरिंगला बोलत होते. "मी धुऱ्यावर उभा होतो. पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकून देत होतो तिले. दोन कडव्यांच्या मधात मान वर करून ते म्हनली, 'मोठ्या, पेंडी फेक रे!' अना मी फेकली. तू रेकॉर्ड करून राहिला होतास. ते कापली तू. कचरा समजून कापली."



भाऊ म्हणाला, "तं सांगायचं होतं."

"सांगितलं न. अकरा बारी घेतला. दर बारी वाटे, यंदा टाकली असन त्यानं. यंदा टाकली असन."

"तिथं निरोप लिहायची जागा असते दादा! गाना घेताना खाली डब्बा असते. एक अक्षर नाही लिहिलं तू!"

"कसा लिहू?" सर म्हणाले. "अबोला होता न."

भाऊ आधी हसला का आधी रडला ते मला मागून नीट दिसलं नाही. मला मात्र त्या क्षणी कळलं की मी त्या दिवशी कॉम्प्युटरवर काय तपासून दाखवलं होतं. कणाचा फरक नाही, असं मी एका माणसाला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. मी डबा घट्ट धरून बसले. नंतर मी सरांची माफी मागितली तर म्हणाले, "तू नसतं सांगितलं तं मी घेतच राहिलो असतो, अना तो तिकडं खूशच राहिला असता. बेस झालं." ते खरंही होतं. पण त्यानं माझं ओझं कमी झालं नाही, आणि होऊ नये.

भाऊ चार दिवस राहिला. मूळ रेकॉर्डिंग त्याच्याजवळ होतं, त्यानं काहीच टाकून दिलं नव्हतं. महिनाभरात नवी फाइल आली. भावानं तशीच पाठवून दिली असती, पण सर म्हणाले, "नाही. पाळीनंच घेऊ." बाराव्यांदा विकत घेतली. निरोपाच्या डब्यात एका बोटानं बराच वेळ टाइप करत होते. मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'पेटी जरा हळू पाहिजे होती.'

ते गाणं पहिल्यांदा वाजलं तेव्हा गाडीत मी होते. फाटक उघडं मिळालं होतं, भूगोल बरोबर जुळला होता. पाळीवर गाडी हळू झाली. पहिलं कडवं संपलं, पेटी थांबली, आणि मायचा गाण्यातला नाही, बोलण्यातला आवाज आला. "मोठ्या, पेंडी फेक रे!" सरांचा डावा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला. मग थोडी शांतता, आणि मागे कुठेतरी पाण्यात पडल्याचा आवाज. छप्प.

"पडली," सर म्हणाले. "बरोब्बर तिच्या म्होरं पडली."

त्या सगळ्या गाण्यात त्यांचा तेवढाच एक आवाज होता.

आता माझी स्वतःची गाडी आहे. आमच्या घरातली पहिली, हेही सांगून टाकते. सर जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ येतो, काकूंकडे राहतो, माझ्या गाडीत पुढे बसतो. मी त्याच शाळेवर आहे, रस्ता तोच आहे. माझा स्टिरिओ शहाणा आहे, जिथे बंद केला तिथूनच सुरू होतो, एक शब्द विसरत नाही. म्हणून फाटक लागलं की मी इंजिन बंद करते, आणि उघडलं की स्वतःच्या हातानं पहिल्या गाण्यावर जाते. मग भूगोल बिघडतो. बिघडू दे. ज्या दिवशी फाटक उघडं मिळतं त्या दिवशी पाळीवर चौथं लागतं. गाणं मी माझं विकत घेतलं आहे, तेराव्यांदा.

हाक येते. मग ती शांतता, पेंडी हवेत असते तेवढी. मी गाडी हळू करते, आवाज वाढवते.

छप्प.

पडली सर. बरोब्बर पडली.